पुरावा माश्यांच्या ताब्यात

बावाजींबद्दल कोणी काही विचारलं की मी आधी चिडतो. उत्तर येत नाही म्हणून चिडतो, दुसरं काही नाही. चार वर्षं त्यांच्या घरात भाड्यानं राहिलो, त्यांच्या हातचा काळा चहा प्यालो, त्यांच्यापायी एकदा सरकारी माणसाला धडधडीत फसवलं. आणि तरीही हा माणूस खरं बोलायचा की थापा मारायचा, शहाणा होता की भैताड, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यांच्या मागच्या भिंतीला सव्वीस भोकं होती आणि त्या भोकांवर त्यांचा जीव होता, एवढंच मी शपथेवर सांगू शकतो.

आधी खोली कशी मिळाली ते सांगतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचो. गाव कळमेश्वरकडचं, रोजचं जाणं-येणं जमेना, म्हणून खोली शोधत होतो. सात घरं पाहिली. सगळीकडे आधी आडनाव विचारायचे. आडनावावरून कळलं नाही तर गाव. गावावरूनही कळलं नाही तर मग अगदी गोड आवाजात, "घरी देव कोणता?" आमच्या घरी छप्पन सालापासून बुद्धाचा फोटो. तो सांगितला की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. आठवं घर बावाजींचं. दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "माशीले भितं का तू?"

"कोणत्या माशीले?"

"आयेगी," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. माझं नाव त्यांनी तीन महिन्यांनी विचारलं, आणि तेही चुकीचंच लक्षात ठेवलं.

साठी उलटलेले, उंच, नाक मोठं, अंगात बारा महिने एकच खाकी कोट आणि त्या कोटावर वाडीतल्या ट्रकांचे सगळे रंग. इराणचे होते हे नक्की, त्यापुढचं काही नक्की नाही. लोक त्यांना पारशी समजायचे म्हणून 'बावाजी' म्हणायचे. काही जण मुसलमान समजून ईदेला मिठी मारायचे. बावाजी दोघांनाही नाही म्हणत नसत. एकदा मी सरळच विचारलं, "बावाजी, तुमी नेमके कोण?" तर म्हणाले, "पेंटर."

ते खोटं नव्हतं. अमरावती रोडवर उभ्या असलेल्या ट्रकांच्या पाठी रंगवणं हा त्यांचा धंदा. मोर, कमळ, समोरासमोर बसलेली पाखरं. हात असा की ड्रायव्हर दोन-दोन दिवस खोळंबून राहायचे, पण पेंटर बदलायचे नाहीत. बाकीचे पेंटर खाली आपलं नाव आणि ठिकाण झोकात लिहायचे. बावाजी नाव लिहीत नसत. काम संपलं की डाव्या हाताचा अंगठा रंगात बुडवून नंबरप्लेटच्या खाली काठाशी, जरा तिरपा, एकदाच दाबायचे. त्यावरून त्यांना 'अंगठाछाप पेंटर' म्हणायचे. आणि या अंगठाछाप माणसाला चार लिप्या येत होत्या!

"नाव काहून नाही टाकत बावाजी?" मी विचारलं.

"ट्रक किसका? सेठ का. तं नाव सेठचं. मी तं फक्त हात लावला."

आता ती भिंत. माझ्या खोलीची मागची भिंत आणि त्यांच्या अंगणाची पुढची भिंत एकच होती. तिच्यात त्यांनी मातीच्या नळ्या आडव्या बसवल्या होत्या. एकेक नळी हातभर लांब, भिंतीतून आरपार. माझ्या खोलीकडचं तोंड साध्या मातीच्या बुचानं लिंपलेलं आणि अंगणाकडच्या तोंडावर जेवणाच्या ताटाएवढं गोल झाकण. झाकणाला मधोमध करंगळी जाईल एवढं भोक. पंचवीस झाकणं इथलीच, ट्रकच्या रंगानं रंगवलेली. मधलं सव्विसावं मात्र वेगळं. पांढरं, चकचकीत, त्यावर निळ्या रंगात दोन पाखरं आणि काठानं फिरवलेली फारसी अक्षरं. पोरवयात हे एक झाकण रजईत गुंडाळून ते इराणातून निघाले होते म्हणे. आधी गाढवावर, मग आगबोटीत, मग रेल्वेनं. कधी आधी रेल्वे यायची आणि शेवटी गाढव. गाढवावरून नागपूरला कोणी कसं येईल, असं विचारलं की म्हणायचे, "आया ना. तेरे सामने बैठा है."

"आमच्या गावाले अशाच भिंती राहते," ते समजावून सांगायचे. "माशी बाहेरून चित्र पाहते, आपलं घर वळखते, आत जाते. माणूस मागून बूच काढते, मध घेते. माशीले त्रास नाही, माणसाले त्रास नाही."

ऐकायला झकास. फक्त वीस वर्षांत एकही माशी आली नव्हती. नळ्या आणि झाकणं करून द्यायची बाजूच्या गल्लीतली कुंभारीणबाई. तिचा नवरा चाकावर नळ्या काढायचा, झाकणं ती हातानं थापायची. ती तोंडावर म्हणायची, "बावाजी, तुमच्या या नळ्यात माश्या तं नाही, पाली बाळंत होऊन राहिल्या!" बावाजी तिला आणखी एक झाकण करायला सांगायचे.

मला पहिल्या उन्हाळ्यात या सगळ्याचा वैताग आला. नागपूरचा एप्रिल, पत्र्याचं छत. पैसे साठवून मी एक जुना कूलर आणला. त्याच्या ओल्या वाळ्यावर दुसऱ्याच दिवशी मधमाश्या येऊन बसल्या. पाणी प्यायला. मी चप्पल घेऊन धावलो, तर बावाजी मधे उभे.

"पानी पीने आया है. मेहमान है."

"मेहमान तुमचे असतील! मले चावल्या तं?"

"तू पाणी पिताना कोणाले चावतं का?"

त्यांनी कूलरशेजारी एका परातीत खडे आणि पाणी ठेवलं आणि तासन्‌तास तिच्यापाशी उकिडवे बसायला लागले. माझी खोली, माझा कूलर, आणि मीच चोरासारखा कडेनं जायचो.

पुढच्या फाल्गुनात ती गोष्ट घडली. रविवार होता, मी घरीच होतो. दुपारी अंगणात असा घोंगाट झाला की मला वाटलं कुठला ट्रक आत शिरला. बाहेर पाहतो तर माश्यांचं अख्खं मोहोळ अंगणभर फिरत होतं. पंचवीस झाकणांवर मोर होते, कमळं होती. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता माश्या त्या निळ्या पाखरांच्या भोकात एकामागून एक शिरायला लागल्या. बावाजी भिंतीसमोर उभे होते, हातातल्या ब्रशचा रंग पायावर गळत होता. मला वाटलं आता हे नाचतील. तर ते माश्यांवर ओरडले, "इतना देर? इतना देर लगता है क्या?" आणि ढसाढसा रडले.

त्याच महिन्यात घोळ झाला. बावाजी कागदोपत्री परदेशी होते. दरवर्षी मुक्काम वाढवून घ्यावा लागायचा. तो कागद ते कोटाच्या खिशात ठेवायचे, आणि एके दिवशी कोटासकट तो टर्पेंटाइनच्या डब्यात पडला. उरला तो लगदा. मी त्यांना घेऊन परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसात गेलो. टेबलामागं एक किडकिडीत कारकून होते. त्यांनी लगदा चिमटीत धरून उन्हाकडे करून पाहिला आणि म्हणाले, "बावाजी, नवा कागद करतो, पण कुठून आले, कधी आले, बाप कोण, याचा काही तरी पुरावा आणा. नाही तं मुक्काम वाढवता येत नाही. तिकडं परत जा लागते."

"पुरावा आहे," बावाजी शांतपणे म्हणाले. "भिंतीत आहे."

त्या झाकणावर गाव, साल आणि नाव लिहिलेलं आहे, असं ते म्हणाले. मी उड्या मारत घरी आलो. एका शाळेतले निवृत्त फारसीचे मास्तर शोधले, रिक्षात घालून आणले. मास्तरांनी चष्मा पुसून झाकणाजवळ तोंड नेलं, तशी एक माशी त्यांच्या कानाला डसली. तरी भला माणूस, कान धरून वाचत राहिला. गाव बरोबर. साल बरोबर. "आणि हे मालकाचं नाव," मास्तर म्हणाले आणि एक नाव वाचलं. ते बावाजींच्या बापाचं नव्हतं. भलत्याच कोणाचं तरी होतं.

मास्तरांना पोचवून आलो तो माझ्या तळपायाची आग मस्तकात. "बावाजी, मले येडा समजता का? हे तं दुसऱ्याचंच नाव हाय!"

"हाव. गिऱ्हाईकाचं."

"म्हणजे?"

"आम्ही कुंभार. माश्या कोणा दुसऱ्याच्या, भिंत दुसऱ्याची. झाकण आम्ही बनवू. तं नाव मालकाचं समोर. बनवणाऱ्याचा अंगठा मागं." त्यांनी आपला रंगानं माखलेला डावा अंगठा दाखवला. "बापाचा अंगठा आहे मागं."

म्हणजे पुरावा होता, पण झाकणाच्या आतल्या बाजूला. आणि आत वीस वर्षांनी आलेल्या माश्या पोळी बांधत होत्या. झाकण काढायचं म्हणजे भिंत फोडायची, पोळी मोडायची, माश्या हुसकायच्या. मी म्हटलं, फोडू. एक दिवसाचं काम. बावाजी नाही म्हणाले. मी खूप बोललो, बोलू नये तेही बोललो. "माश्या दुसऱ्या येतील! तुमाले तिकडं धाडलं तं तिथं कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही."

"मंग?"

"मंग का? यांचं इथं कोण आहे?" त्यांनी भोकाकडे बोट केलं.

शेवटी मीच ऑफिसात जाऊन कारकून साहेबांना खरं ते सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं. मग म्हणाले, पुरावा ऑफिसात येऊ शकत नसेल तर ऑफिसनं पुराव्याकडे जायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन हजर! त्यांनी रीतसर पंचनामा केला. पंच दोन, मी आणि कुंभारीणबाई. मी सही केली, तिनं अंगठा दिला. पंचनाम्यातली वाक्यं मला पाठ आहेत: "समक्ष पाहणी केली असता मागील भिंतीत निळ्या चित्रांची एक गोल थाळी बसविलेली दिसून आली. थाळीस मध्यभागी छिद्र असून त्यातून मधमाश्यांची ये-जा चालू आहे. अर्जदाराचे म्हणण्याप्रमाणे पुरावा थाळीचे मागील बाजूस आहे. सदर बाजू माश्यांच्या ताब्यात असल्याने तपासता आली नाही." आणि खाली शेरा, की तपासणी पूर्ण होईपर्यंत मुक्कामास हरकत नाही, दरवर्षी मे महिन्यात पाहणी करावी.

"म्हंजे माश्या आहे तंवर बावाजी आहे," कुंभारीणबाईनं एका वाक्यात निकाल लावला. आम्ही हसलो. रात्री मला ते आठवलं आणि हसू आलं नाही.

मग काय सांगू! उन्हाळ्यात बावाजी भिंतीवर ओली पोती टांगायचे, पावसाळ्यात साखरेचं पाणी ठेवायचे. ट्रक अर्धवट सोडून दुपारी घरी यायचे, का तर माश्यांना ऊन लागलं असेल. मध एकदाही काढला नाही. एवढं मोहोळ माझ्या उशापाशी, आणि मी मधाचा थेंब चाखला नाही. मी म्हटलं, "बावाजी, थोडा तं काढा." तर म्हणाले, "उनका राशन है." मे महिन्यात कारकून साहेब यायचे, छत्री मिटायचे, माश्या पाहायचे, काळा चहा प्यायचे आणि लिहायचे, "परिस्थिती पूर्ववत."

चौथ्या वर्षी मे महिन्यात असं तापलं की वाडीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं. एका सकाळी मी उठलो तो खोली गप्प. मला उशापाशी तो घुंऽऽ आवाज इतका अंगवळणी पडला होता की तो थांबल्यानं जाग आली. बाहेर बावाजी भोकाला कान लावून बसले होते. माश्या गेल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. पाहणीला चार दिवस उरले होते.

मी म्हटलं, वाईट झालं खरं, पण आता अडचण कुठं आहे? पोळी रिकामी आहेत. झाकण काढतो, मागचा अंगठा दाखवतो, एकदाचा पक्का कागद होऊन जाईल. मी पहारसुद्धा आणली. बावाजींनी माझं मनगट धरलं. असं धरलं की हाड दुखलं.

"नोको."

"काहून नोको?"

आधी म्हणाले, पोळं मोडलं तर माश्या परत येणार नाहीत. मग म्हणाले, बापाचा अंगठा ऑफिसात कायले दाखवायचा? मी ऐकेना, तेव्हा म्हणाले, "चोरीचा माल आहे," आणि हसले. तीन कारणं, तिन्ही एकमेकांशी भांडणारी. मला काही म्हणजे काही कळेना. ज्या माणसाला हाकलून देतील त्याच्या हातात सुटकेचा कागद आहे, आणि तो उलटून पाहायला तयार नाही! मी पहार आपटली आणि गोदामात निघून गेलो. दिवसभर चुकीच्या बिल्ट्या लिहिल्या.

पण चार दिवसांत मलाच राहवेना. पाहणीच्या दिवशी मी रजा टाकली. खोलीतून त्या नळीचं बूच काढलं, कूलर ओढत भिंतीशी नेला, त्याचं तोंड नळीच्या तोंडाला लावलं आणि बटण दाबलं. अंगणात जाऊन भोकाला कान लावला. घुंऽऽ! अगदी तस्संच. बावाजींनी चहाचं आधण ठेवलं. शाबास म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

कारकून साहेब आले. छत्री मिटली. "माश्या दिसून नाही राहिल्या?"

"दुपारी झोपते," बावाजी म्हणाले.

साहेबांनी भोकाला कान लावला. मग कानाला हात लावून पाहिला. "गार हवा येऊन राहिली."

"माशी पंखानं हवा मारते. घर गार ठेवते." हे मात्र खरं आहे, माश्या तसं करतात.

साहेबांनी नाक जवळ नेलं. "वाळ्याचा वास येते बावाजी."

"जे फूल खाल्लं त्याचा वास."

साहेब खुर्चीवर बसले, चहा प्याले, आणि त्यांनी लिहिलं, "परिस्थिती पूर्ववत." फाटकापर्यंत मी सोडायला गेलो. तिथं छत्री उघडत ते मला हळूच म्हणाले, "यंदा माश्या भल्ला आवाज करून राहिल्या गा. बेअरिंगले तेल टाका."

त्याच साली माझं लग्न ठरलं आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरकडे राहायला गेलो. निघताना बावाजींनी मला एक झाकण दिलं, मोराचं. त्यावर माझं नाव लिहिलं होतं, चुकीचं. त्या हिवाळ्यात ते गेले. वाडीतच, स्वतःच्या खाटेवर, मुक्कामाचा कागद उशाखाली ठेवून. मला एका ड्रायव्हरनं सांगितलं. मी गोदामाच्या मागं जाऊन रडलो, लपवत नाही. भाऊ नाही, नातं नाही, नीट ओळखसुद्धा नाही, आणि तरी रडलो.

घर विकलं गेलं. भिंत पाडायच्या दिवशी मी जाऊन मजुरांना हात जोडले आणि मधली नळी सांभाळून काढून घेतली. झाकणाच्या मागं काळ्या मेणाचा जाड थर होता. ते घेऊन मी कुंभारीणबाईकडे गेलो. तिनं गरम पाणी ओतलं, चिंधीनं पुसलं. मेण निघालं. खाली कोरी, भाजलेली माती. काठाशी, ट्रकांवर असायचा तसाच जरा तिरपा, एक अंगठा होता.

बापाचा अंगठा म्हणून ज्याच्यासाठी पंचनामे झाले, तो एवढासा होता. मी म्हटलं, "बाई, भाजल्यावर माती आवळते ना वं? म्हणून लहान दिसत असंन."

तिनं झाकण उजेडात धरलं. आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला, उचलला, परत ठेवला. तिच्या हातून आयुष्यात हजारो मडकी गेली असतील.

"आवळते," ती म्हणाली. "पण इतकी नाही आवळत गा. हे लेकराचं बोट होय."

मी माझा अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला. बसला नाही. मग करंगळी ठेवली, ती बसली.